भ्रूणाची जनुकीय तपासणी : रोगनिवारण की माणसाची निवड?

१९९० साली लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकशास्त्रातील एका नव्या पद्धतीचा पाया घातला. काही आनुवंशिक रोगांचा दोष आईकडून संततीकडे येतो; परंतु त्याची झळ मुख्यतः मुलग्यांना पोहोचते. अशा कुटुंबांतील स्त्रियांची बीजे शरीराबाहेर फलित करण्यात आली आणि तीन दिवसांच्या भ्रूणातून एकेक पेशी काढून ती तपासण्यात आली. भ्रूण मुलाचे आहे की मुलीचे, एवढेच त्या तपासणीतून कळत होते. मुलींची भ्रूणे तेवढी गर्भाशयात सोडण्यात आली आणि त्यातून मुली जन्मास आल्या. गर्भधारणेपूर्वीच भ्रूणाची पारख करण्याच्या तंत्राचा आरंभ हा असा झाला.

त्याच्या काही वर्षे आधी आपल्या महाराष्ट्रात वेगळेच चित्र दिसत होते. गर्भातील व्यंग ओळखता यावे म्हणून आलेली गर्भजलपरीक्षा शहरांतून सर्रास लिंगनिदानासाठी वापरली जात होती. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन केलेल्या पाहणीत त्यांपैकी ४२ जण या कामासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळून आले.

दोन्ही ठिकाणी तपासणीतून मिळालेले ज्ञान एकच होते : गर्भाचे लिंग. एका ठिकाणी त्या ज्ञानामुळे मुली जन्मास आल्या, दुसऱ्या ठिकाणी त्याच ज्ञानामुळे त्यांचा जन्म नाकारला गेला. यंत्राला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. ते समाजाची इच्छा ठरविते. भ्रूणाच्या जनुकीय तपासणीचे समाजावर पुढे काय परिणाम होतील, याचा विचार करताना हे सूत्र सतत ध्यानात ठेवावे लागेल.

तपासणी म्हणजे नेमके काय?

शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणण्याचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी या पद्धतीचे पहिले बालक जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतात असे बालक जन्मास आले. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यश मिळविले. सर्वसामान्य लोक याला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात.

या पद्धतीत स्त्रीला काही दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे परिपक्व केली जातात. ती बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित केली जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणात शंभराहून अधिक पेशी झालेल्या असतात. त्यांतील ज्या पेशींपासून पुढे वार तयार होणार असते, त्यांच्यापैकी पाच-दहा पेशी काढून त्यांतील गुणसूत्रे वा जनुके तपासली जातात. निष्कर्ष हाती येईपर्यंत भ्रूणे गोठवून ठेवतात. मग निवडलेले भ्रूण गर्भाशयात सोडले जाते.

या वर्णनावरून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. एक, ही तपासणी भ्रूणात कोणताही बदल करीत नाही, की रोग बरा करीत नाही. उपलब्ध भ्रूणांतून एकाची निवड, एवढेच तिचे कार्य आहे. दोन, तिला चुकीची शक्यता आहे. म्हणून गर्भधारणा झाल्यावर पुन्हा खात्रीची परीक्षा करून घेण्याचा सल्ला दिला जातो. शिवाय निवडलेले प्रत्येक भ्रूण गर्भाशयात रुजतेच असे नाही. खर्च लाखांच्या घरात जातो आणि शारीरिक कष्ट सर्वस्वी स्त्रीच्या वाट्याला येतात.

आनुवंशिकतेचे साधे गणित

सिकलसेल हा रोग आपल्या परिचयाचा आहे. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत, तसेच नंदुरबारच्या सातपुडा परिसरात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. रक्तक्षय व वारंवार होणारे जंतुसंसर्ग यांनी बालकाचे आयुष्य खंगून जाते.

प्रत्येक व्यक्तीला संबंधित जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असतील तर व्यक्ती ‘एसएस’, म्हणजे रुग्ण ठरते. एकच प्रत सदोष असेल तर ती ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते, शेतात राबते, शिकते, संसार करते. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी होणार’ असा समज काही ठिकाणी दिसतो. तो चुकीचा आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडविले जाते. मागच्या वेळी काय पडले, याची आठवण त्याला नसते.

आता समजा, अशा एका जोडप्याची आठ भ्रूणे तपासणीसाठी उपलब्ध आहेत. सरासरीने पाहता त्यांतील दोन रुग्ण, चार वाहक आणि दोन दोषमुक्त असतील. रुग्ण भ्रूणे बाजूला ठेवावीत, हे आईबापांच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण चार वाहक भ्रूणांचे काय करावयाचे? ती जन्मास आली तर निरोगीच माणसे होतील. तरीही ‘अगदी निर्दोष तेच हवे’ असा आग्रह धरला गेला, तर रोगनिवारण आणि माणसाची निवड यांच्यामधील सीमारेषा पहिल्याच पायरीवर ओलांडली गेली, असे म्हणावे लागेल.

निर्दोष या शब्दाचा अर्थही दिसतो तितका सरळ नाही. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, सिकलसेलच्या वाहकांना तीव्र स्वरूपाच्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त अरण्यप्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच. ज्याला आपण दोष म्हणतो, तो एका परिस्थितीत कवच ठरला होता.

या तंत्राचे खरे वरदान

या तंत्राचा लाभ मान्य न करणे अन्यायाचे होईल. थॅलेसेमियाच्या रुग्ण बालकाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी आयुष्यभर औषध घ्यावे लागते. असे एक मूल वाढविणाऱ्या मातापित्यांना दुसऱ्या अपत्याची इच्छा असते. पण भीती त्यांना थांबविते. गर्भ राहिल्यावर परीक्षा करणे आणि निष्कर्ष प्रतिकूल आल्यास गर्भपाताला सामोरे जाणे, यातील यातना त्या मातेलाच ठाऊक. भ्रूणाची आधीच तपासणी झाली तर हा प्रसंग बव्हंशी टळतो. अशा कुटुंबाने हा मार्ग स्वीकारला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु हेच ध्येय साध्या उपायांनीही गाठता येते. भूमध्य समुद्रातील सायप्रस या लहान बेटावर थॅलेसेमियाचे प्रमाण फार मोठे होते. तेथे १९७० च्या दशकापासून विवाहापूर्वी रक्ततपासणी, समुपदेशन आणि गर्भावस्थेतील निदान यांची मोहीम राबविण्यात आली. तेथील धर्मसंस्थेनेही विवाहेच्छूंच्या तपासणीस साथ दिली. रुग्ण बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. भ्रूणतपासणीचे तंत्र तेव्हा जन्मासही आले नव्हते.

महाराष्ट्राने गिरविलेला धडा

१९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर व सामाजिक कार्यकर्ते यांनी लिंगनिदानाविरुद्ध आवाज उठविला. त्याचे फलित म्हणजे १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा. प्रसूतिपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे नियमन करणारा तो देशातील पहिला कायदा होय. पुढे संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

तरीही पुढील आकडे पाहावेत. शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३ वर आली आणि २०११ मध्ये ८९४ वर. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ इतकी खाली गेली होती. कायदा होता, समाजाची इच्छा मात्र बदलली नव्हती. दरम्यान गर्भजलपरीक्षेपेक्षा स्वस्त, सोपी आणि लवकर उत्तर देणारी सोनोग्राफी गावोगाव पोहोचली होती. तंत्र जितके सुलभ होत गेले, तितका इच्छेला मार्ग मोकळा झाला.

भ्रूणतपासणीत हा मार्ग अधिकच निःशब्द होण्याचा धोका आहे. गर्भपात ही घटना कुटुंबाला, शेजाराला, आरोग्यसेविकेला कोठेतरी जाणवते. तिची वेदना स्त्रीच्या शरीरावर उमटते आणि त्या वेदनेचा थोडाबहुत तरी धाक असतो. प्रयोगशाळेतील निवडीत नाकारले गेलेले भ्रूण कोणालाच दिसत नाही. ज्याचे दुःख कोणी पाहत नाही, त्या कृत्याविषयी समाजाची संवेदना लवकर बोथट होते.

हे ओळखूनच १४ फेब्रुवारी २००३ पासून केंद्रीय कायद्याच्या कक्षेत गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आणण्यात आली. स्त्री वा पुरुष यांच्यावर, तसेच बीज, शुक्राणू किंवा भ्रूण यांच्यावर लिंगनिवडीसाठी कोणतीही प्रक्रिया करणे हा आता गुन्हा आहे. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. कुटुंबात मुलगे-मुली यांचा समतोल साधण्याची मुभा असावी, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ मध्ये न्यायालयाने ते आव्हान फेटाळले. खासगी वाटणाऱ्या इच्छांची बेरीज झाली की तिचे सामाजिक संकट होते, हे महाराष्ट्राने जनगणनेच्या तक्त्यात पाहिले आहे.

उंची आणि बुद्धी यांचा बाजार

येथवर आपण एका जनुकाने होणाऱ्या रोगांचा विचार केला. मधुमेह, हृदयविकार, उंची, बुद्धिमत्ता या गोष्टी मात्र शेकडो-हजारो जनुकांचा एकत्रित परिणाम, पोषण, शिक्षण आणि परिस्थिती यांतून आकाराला येतात. अमेरिकेत काही खासगी कंपन्या भ्रूणातील अनेक जनुकांची बेरीज करून त्याला गुणांक देतात आणि त्यावरून निवड करण्याची सेवा विकतात.

या दाव्यांत कितपत तथ्य आहे? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये याचा हिशेब मांडला. दहा भ्रूणांतून सर्वाधिक गुणांकाचे भ्रूण निवडले तरी सरासरीने उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुण एवढाच लाभ अपेक्षित होता. त्यांनी अनेक प्रौढ भावंडे असलेली २८ कुटुंबेही पाहिली. ज्याचा गुणांक सर्वांत जास्त, तेच भावंड प्रत्यक्षात सर्वांत उंच, असे फक्त ७ कुटुंबांत आढळले. जन्मास आलेल्या मुलाला पोटभर पौष्टिक आहार, स्वच्छ पाणी आणि चांगली शाळा दिल्याने त्याच्या वाढीत जी भर पडते, तिच्यापुढे हा लाभ किरकोळ आहे.

तथापि तंत्र अपुरे आहे म्हणून चिंता नाही, असे मानून चालणार नाही. उद्या त्याची अचूकता वाढेल. ज्यांच्याजवळ पैसा आहे, तेच हे निवडपत्र विकत घेतील. आजपर्यंत श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलात शिक्षणाचे, आहाराचे, संधीचे अंतर होते. पण जन्माच्या क्षणी निसर्गाने दोघांसाठी नाणे सारखेच उडविले होते. ही एक समता उरली होती. त्या मुलाच्या मनाचाही विचार हवा. आपण आईबापांना लाभलो नाही, तर गुणपत्रिका पाहून निवडले गेलो, हे कळल्यावर अपेक्षांचे ओझे त्याने कसे वाहावे? परीक्षेतील अपयश त्याला केवळ परीक्षेचे अपयश वाटेल काय?

जे जन्मले, त्यांचे काय?

डेन्मार्कमध्ये २००४ पासून सर्व गर्भवतींना डाऊन सिंड्रोमची तपासणी देऊ करण्यात आली. त्यानंतर अशा बालकांचे जन्म झपाट्याने घटले. कोणावरही सक्ती नव्हती. निर्णय प्रत्येक कुटुंबाचा होता. परंतु एखाद्या व्याधीची माणसे समाजात विरळ होऊ लागली की, त्यांच्यासाठी शाळा, उपचार आणि सहानुभूती यांची तरतूदही आटण्याची भीती असते. ‘तपासणी असूनही तुम्ही हे मूल का होऊ दिले?’ असा प्रश्न एखाद्या मातेला विचारला जाऊ लागला, तर मुभेचे रूपांतर सक्तीत झाले असे समजावे.

सक्तीचा इतिहास दूरचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ‘अयोग्य’ ठरविलेल्या व्यक्तींचे सक्तीने निर्बीजीकरण वैध मानले. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये तशा आशयाचा कायदा झाला आणि सुमारे चार लाख लोकांची निर्बीजीकरणे करण्यात आली. ‘वंशसुधारणा’ हा शब्द तेव्हा विज्ञानाच्या भाषेत बोलला जात होता आणि अनेक सुशिक्षितांना तो पटतही होता.

भारताची भूमिका याउलट असली पाहिजे आणि कायद्याने ती तशी आहेही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांत समावेश आहे. रोग टाळण्याचे प्रयत्न आणि रुग्णाचा सन्मान ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावयाची आहेत.

कायद्याची चौकट

सहाय्यित जननतंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात आणि आनुवंशिक रोगांच्या शोधापुरतीच करता येते. ठरावीक लिंगाचे मूल देऊ करण्यास बंदी आहे. उंची, वर्ण वा बुद्धी यांवरून निवड करण्यास या चौकटीत जागा नाही. सीमारेषा कायद्याने आखून दिली आहे. ती राखणे हे समाजाचे आणि प्रशासनाचे काम आहे.

लिंगनिवडीसंबंधी तक्रार कोणताही नागरिक समुचित प्राधिकाऱ्याकडे करू शकतो. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन तो स्वतः न्यायालयातही जाऊ शकतो. ही माहिती ग्रामसभेत सांगितली जावी.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रयोगशाळेचे दार ग्रामपंचायतीला उघडता येत नाही, परंतु गावातील जन्मांच्या नोंदी तिच्यासमोर असतात. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे १,००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. ग्रामसभेने दरवर्षी हा हिशेब मांडावा. मात्र एक दक्षता घ्यावी. वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात एखाद्या वर्षी २४ मुलगे व १६ मुली जन्मल्या, तर तो केवळ योगायोगही असू शकतो. एका वर्षाच्या आकड्यावरून कोणावर संशय घेऊ नये. पाच-दहा वर्षांची बेरीज करावी, शेजारच्या गावांशी ताडून पाहावी. तरीही मुलींचा आकडा सातत्याने खालीच राहत असेल, तर मग गप्प बसू नये.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. आपल्या आदिवासी बांधवांसाठी महागड्या भ्रूणतपासणीपेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातील ही रक्ततपासणी कितीतरी मोलाची आहे. विवाह ठरविताना पत्रिका जुळविण्याची प्रथा आहे. तेथे रक्ततपासणीचा कागदही पाहिला जावा. येथेही दक्षता हवी. वाहक मुलीला ‘दोषी’ म्हणून नाकारले जाऊ लागले आणि वाहक मुलाचा कागद मात्र दडविला गेला, तर तपासणी हे नव्या अन्यायाचे साधन होईल. म्हणून तपासणीचे निष्कर्ष गोपनीय राखावेत. ते जाहीर फलकावर लावू नयेत वा वर्गात वाचून दाखवू नयेत.

शिक्षकांवर येथे विशेष जबाबदारी येते. आनुवंशिकतेचा पाठ शिकविताना वाटाण्याच्या वेलींबरोबरच सिकलसेलचे गणितही फळ्यावर मांडता येईल. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्राणूवरून ठरते, हे शास्त्रीय सत्य प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर ठसविले गेले पाहिजे. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे एक वाक्य पोहोचले, तरी तो तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.

भ्रूणाच्या तपासणीचे तंत्र येत्या काळात अधिक अचूक, अधिक स्वस्त आणि अधिक सुलभ होईल, यात शंका नाही. सोनोग्राफी सुलभ झाली त्या वेळी आपण तयार नव्हतो आणि त्याची किंमत हजारो मुलींनी दिली. ज्या घरात मुलगी आणि मुलगा, निरोगी आणि रुग्ण यांना सारखेच ताट वाढले जाते, त्या घराच्या हाती हे तंत्र दुःखनिवारणाचे साधन ठरेल. तशी घरे वाढविण्याचे काम रुग्णालयात होणारे नाही. ते शाळेत, ग्रामसभेत आणि आपल्या उंबरठ्याच्या आत करावयाचे आहे आणि ते तंत्राच्या आधी व्हावयास हवे.